सर्व्हरचा पत्ता

श्रोतेहो, श्रीगोंद्याच्या एखाद्या पेढींत २००१ सालच्या विंडोज एक्सपीचा संगणक अजून चालत असला, आणि एके सकाळीं त्याला खतावण्यांचा फाइल सर्व्हर सांपडेनासा झाला, तर दिवाळींत वहीच हरवल्यागत गत होते! अशा वेळीं कमांडच्या काळ्या खिडकींत ‘पिंग’ लिहून पुढें सर्व्हरचें नांव द्यावें. बिंदूंनीं जोडलेले चार आंकडे उमटतात, तोच पत्ता. नांव ओळखलें न गेल्यास सर्व्हरवरच ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पुष्कळदां वीज जाऊन आल्यावर राउटरनें पत्ता बदललेला असतो. तो कायमचा राखून घ्यावा.

पत्ता मिळूनहि दार उघडलें नाहीं, तर दोष भाषेचा. एक्सपीला एसएमबीची पहिलीच आवृत्ति कळते, आणि २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजच्या सर्व्हरांत ती मुळांत बसविलेलीच नसते. ती बसविण्याचा मोह टाळावा. त्याच वर्षीं मे महिन्यांत वॉनाक्राय याच वाटेनें जगभर शिरला होता.