बिनकामाचा एक दिवस

आम्ही शिरपूर जैनचे दोघं नवरा-बायको आज तुमच्याशी बोलतो आहोत.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत विषय निघाला, उन्हाळ्यात कोण कुठं जाऊन आलं? कोणी लग्नाला, कोणी तेरवीला, कोणी वाशीमला दवाखान्यात, कोणी लेकीच्या बाळंतपणाला. आम्ही सांगितलं, नागपूरला गेलो होतो, काहीच काम नव्हतं, नुसतं फिरायला. सगळ्या हसल्या. मग हळूच एकेक प्रश्न आला. म्हशी कोणी पाहिल्या? सासूबाई काय म्हणाल्या? पैसे किती लागले? त्याचीच उत्तरं आज देतो.

आधी म्हशींचं. आम्ही जाऊबाईंशी ठराव केला. या शनिवार-रविवारी धारा आणि शेणपाणी त्यांच्याकडं, पुढच्या वेळी त्या दोघं जातील तेव्हा आमच्याकडं. उपकार नाही, फेड आहे. शेतात मदतीची अदलाबदल आपण करतोच, तशीच ही सुट्टीची.

सासूबाईंनी विचारलं, "कोणी बिमार आहे का?" नाही म्हटलं. "मग कशाला जाता?" आम्ही म्हटलं, पाहायला. आपल्या शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला कुठून कुठून माणसं येतात, गाव पाहून जातात. आपणच तेवढे कुठं जात नाही. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "येताना संत्रा बर्फी आणजा."

आता पैशाचं. गटाच्या बचतीला हात लावला नाही. घरात एका डब्यात दर आठवड्याला ५० रुपये टाकले. सहा महिन्यांत १३०० रुपये झाले. एसटीचा बहुतेक खर्च त्यातच निघाला, कारण १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीमध्ये बाईला अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या माणसांना तर तिकीटच लागत नाही, वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा लागतो. मुक्काम हिंगण्याला नणंदबाईंकडं केला.

मे महिना निवडला, कारण हरभरा, गहू घरात आलेला असतो आणि पेरणीला अजून वेळ असतो. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून दिवस तसाच बांधला. सकाळी आणि सांजेला बाहेर, भर दुपारी सावलीत. डोक्याला दुपट्टा, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, एक कांदा आणि मीठ-साखरेची पुडी.

रविवारी सकाळी लोकमान्य नगरहून मेट्रोत बसलो. सरकता जिना पाहून आमच्यातली बाई थबकली. लुगडं अडकलं तर? आमच्यातल्या गड्यानं हात पुढं केला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण चारचौघांत हात धरायची ती पहिलीच वेळ. तुम्ही गेलात तर निऱ्या थोड्या वर धरा, पाय पायरीच्या मधोमध ठेवा. नाहीच जमलं तर लिफ्ट असते. मेट्रो पुलावरून जाते, वाटेत अंबाझरी तलाव खाली दिसतो. दोघांनीही खिडकीला नाक लावलं होतं.

आधी दीक्षाभूमी पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसोबत इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मोठा पांढरा घुमट, आत शांत. बाहेर बोधिवृक्ष आहे, त्याचं रोप श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेलं. झाडाखाली बराच वेळ बसलो. कोणी उठवायला आलं नाही.

मग सीताबर्डीत तर्री पोहे खाल्ले. गरम तर्रीनं कपाळाला घाम, पण चव जिभेवर राहिली. ऊन चढायच्या आत झिरो माईलचा दगडी खांब आणि चार घोडे पाहिले. इंग्रजांच्या काळात मोजणी करणाऱ्यांनी हा खांब उभा केला. त्यावर दुसऱ्या शहरांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत.

दुपार काढली अजब बंगल्यात. हे सरकारी संग्रहालय १८६३ सालचं. जुन्या मूर्ती, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू. सोमवारी बंद असतं, म्हणून रविवार धरून जा. एका कपाटापुढं आमचं बोलणं लागलं. हे औजार कशाचं असेल? एकानं एक सांगितलं, एकीनं दुसरं. तेव्हा ध्यानात आलं, की घरी आमचं बोलणं खत, फी, हप्ता आणि पाहुणे यांच्या पलीकडं जातच नाही. त्या दिवशी भांडलो तेही मजेत.

सांजेला फुटाळा तलाव. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. काठावर भेळ घेतली, पाण्यावरचं वारं खात बसलो. घड्याळ पाहायची गरज नव्हती. कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाची वाट पाहायची नव्हती. बाई म्हणाली, "आज मी दिवसभर चूल पाहिली नाही." गडी म्हणाला, "दर वर्षी एक दिवस असा ठेवू."

मैत्रिणींनो, बैल राबतो तर त्यालाही पोळ्याचा एक दिवस मिळतो. बाईच्या वाट्याला तसा दिवस कॅलेंडरात नाही, तो आपणच धरावा लागतो. नागपूरच पाहिजे असं नाही. अकोला, अमरावती, लोणारचं सरोवर, जे जवळ पडेल ते. नवऱ्यासोबत जा, नाहीतर गटातल्या चौघी मिळून जा. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. कोणाची जनावरं कोण पाहील, डब्यात आठवड्याला किती टाकायचे आणि पहिली पाळी कोणाची.

आमच्याकडं पुढची पाळी जाऊबाईंची आहे. त्यांनी डबा सुरू केला. सासूबाईही विचारत होत्या, "माहं तिकीट लागत नाही म्हणता ना?"

रामराम.