बीपी घराण्यातूनच येतं का?

लोकलमध्ये असाल किंवा घरी भांडी घासत असाल, इअरफोन नीट लावा. आजचा विषय तुमच्या-माझ्या घरातलाच आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं बीपी आलं १४२/९२. वय २९! आईला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, आपल्या घराण्यातच आहे ते. आजोबांना होतं, बाबांना आहे." म्हणजे विषयच संपला. मला मात्र रात्रभर झोप नाही. खरंच आपल्या हातात काहीच नसतं?

तर ऐका. आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जुळी भावंडं आणि कुटुंबं यांच्या अभ्यासांतून दिसतं, की लोकांच्या बीपीत जो फरक असतो, त्यातला साधारण ३० ते ५० टक्के जनुकांशी जोडलेला असतो. पण बहुतेकांच्या बाबतीत 'बीपीचं एक जनुक' असं काही नसतंच. अशा १००० हून जास्त जागा आपल्या जनुकांमध्ये सापडल्यात आणि एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ.

मग उरलेलं काय? त्यासाठी जाऊया केनियात. तिथल्या पश्चिम भागातल्या खेड्यांत लुओ समाजाचे लोक राहतात. गावात बीपी कमी असायचं. संशोधकांनी कामासाठी नैरोबीला गेलेली माणसं आणि गावातच राहिलेली माणसं, दोघांचं बीपी मोजत राहून तुलना केली. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. शहरात गेलेल्यांचं बीपी काही महिन्यांतच गावकऱ्यांपेक्षा वर गेलं होतं. लघवीत सोडियम जास्त, पोटॅशियम कमी, नाडीही जलद. समाज तोच, गाव तेच. काही महिन्यांत जनुकं थोडीच बदलतात? बदललं ते ताट आणि जगणं.

आता गाव सोडून पुण्या-मुंबईत आलेल्या आपल्या रूमवर बघा. मेसची भाजी, वर लोणचं, संध्याकाळी फरसाण, रात्री दोनला नूडल्स. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. आपलं ते कधीच पार होतं!

आणि घराण्यातून फक्त जनुकं येत नाहीत हं. लोणच्याची बरणी, जेवताना वरून मीठ घ्यायची सवय, हेही तिथूनच येतं. जनुकं बदलता येत नाहीत, पण बरणी थोडी लांब सरकवता येते.

माझं पुढे काय झालं? डॉक्टर म्हणाले, "एका रीडिंगवर काही ठरत नाही. आठवडाभर घरी मोजा." मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, सिगारेट नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर. माझी सरासरी आली १३२/८४. सध्या गोळी नाही, पण वजन आणि मीठ कमी करायचं, रोज चालायचं आणि तीन महिन्यांनी परत दाखवायचं. बाबांची गोळी मात्र चालूच. ती कुणीही स्वतःच्या मनाने बंद करायची नसते.

आज घरी एवढंच विचारा: आपल्याकडे बीपी कुणाला आणि कितव्या वर्षी सुरू झालं? आणि मग स्वतःचं मोजून घ्या. काही जाणवत नाही म्हणून थांबू नका. बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!