हिरवा खडा आणि त्याखालची चिठ्ठी

आजचा विषय जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, करिअर नाही, एसआयपी तर नाहीच नाही. आज दगडांवर बोलायचंय. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. पाच मिनिटं द्या, मग ठरवा.

माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी प्लास्टिकचा एक पारदर्शक डबा आहे. मिठाईच्या दुकानात पाव किलो काजूकतली देतात ना, तेवढा. त्यात एक हिरवा खडा आहे, मोठ्या बोराएवढा. पेपरमिंटच्या गोळीसारखा हिरवा आणि इतका स्वच्छ की पलीकडची अक्षरं दिसतात. व्हिडिओ कॉलवर कोणी ना कोणी विचारतंच, "अरे, ती काच आहे का?" नाही, काच नाही. पुणे जिल्ह्यातल्या काळ्या दगडातून निघालेला स्फटिक आहे. त्याच्याखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. आजची गोष्ट खरं तर त्या चिठ्ठीची आहे.

मामांचा फोटो

माझे मामा पोकलेन चालवतात. रस्ते, तळी, खाणी, सगळीकडे काम केलंय त्यांनी. दोन वर्षांपूर्वी ते एका नव्या दगडखाणीवर लागले. दिवाळीनंतर काम सुरू झालं होतं, म्हणजे अगदी ताजी खाण. गावाचं नाव सांगणार नाही, कारण तुमच्यातले चार जण रविवारी बाइक काढून तिथे पोचतील आणि ते मला नकोय. का नकोय ते पुढे कळेलच.

फेब्रुवारीत एके दिवशी माझी डेली स्टँडअप मीटिंग चालू होती आणि मामांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. काळ्या दगडात एक पोकळी, आत पांढरं-गुलाबी काहीतरी आणि त्यावर हिरवे चौकोनी खडे. खाली मेसेज: "हे काय आसतं रे? पोरं म्हणतात हिरा हाय."

हिरा नव्हता. पण मी उडालोच. त्या मीटिंगमध्ये मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

आधी थोडं विज्ञान, कंटाळवाणं नाही

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसले. घाटातून जाताना डोंगरांना पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, ते हेच थर. हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा कातळ.

लाव्हा निवताना त्यातला वायू वर यायला बघतो. घावनाला जाळी पडते ना, तशी प्रत्येक थराच्या वरच्या भागात जाळी पडते. काही भोकं मुगाएवढी, काही इतकी मोठी की माणूस वाकून आत जाईल. पुढे बऱ्याच काळाने खडकातून कोमट-गरम पाणी झिरपतं. ते दगडातलं सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम विरघळवून घेतं आणि या पोकळ्यांत हळूहळू सोडतं. त्यातून स्फटिक वाढतात. त्या गुलाबीसर पंख्यासारख्या गोष्टीचं नाव स्टिल्बाइट आणि हिरव्याचं अ‍ॅपोफिलाइट.

अ‍ॅपोफिलाइट बहुतेक वेळा पांढरं किंवा बिनरंगी असतं. हिरवं होतं ते थोड्याशा व्हॅनेडियममुळे. १९७४ साली जॉर्ज रॉसमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे दाखवलं, आणि त्यासाठी त्याने वापरलेला नमुना कुठला होता? पुण्याचा! वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हनसाइट जगप्रसिद्ध आहे, त्यातही हाच व्हॅनेडियम. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका यांवरूनच ते नाव केलंय.

ही गोष्ट आजची नाही. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. तो घाट फोडतानाही असे खडे निघाले आणि थेट परदेशी संग्रहांत गेले. पाषाणच्या टेकड्यांतल्या खाणींमधलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट तर जगभरच्या संग्रहालयांत आहे. आपण पाषाण-बाणेर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या घालतो, आणि त्या गावाच्या नावाचा अर्थच दगड आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

नवी खाण का?

कारण वेळ फार कमी असतो. जुन्या खाणीची भिंत उन्हापावसाने मळलेली असते, खडे निस्तेज झालेले असतात. नव्या खाणीत आज सुरुंग लागला की आज पोकळी उघडते. कोट्यवधी वर्षं अंधारात असलेली वस्तू पहिल्यांदा उजेड बघते. आणि दोन-चार दिवसांत ती क्रशरमध्ये जाऊन खडी झालेली असते.

खाणीवाल्यांना या पोकळ्या अजिबात आवडत नाहीत. जाळीचा दगड ठिसूळ, खडीला कमी प्रतीचा. त्यांना हवा असतो थराच्या मधला घट्ट काळा दगड. आपण ज्याच्या फोटोला वॉव म्हणतो, तो त्यांच्या हिशेबात खराब माल आहे.

पहिली चूक

शनिवारी मी पोचलो. मामांनी मालकाला विचारून ठेवलं होतं. मालक म्हणाले, "न्या की काय न्यायचंय ते. फक्त कामात मधे येऊ नका."

सुरुंगाने सुटलेला एक मोठा दगड बाजूला पडला होता, त्यात ती पोकळी. मी घरून छिन्नी आणि हातोडी आणली होती. सगळ्यात मोठा हिरवा खडा निवडला, त्याच्या बुडाशी छिन्नी लावली आणि ठोकली. टक असा आवाज आला आणि खड्याचं टोपण उडालं. अगदी सपाट. पत्त्यांचा कॅट मधून कापावा तसं.

अ‍ॅपोफिलाइट त्या एका दिशेने सहज फुटतं, हे मला वाचून माहीत होतं. वाचून माहीत असणं आणि हाताला माहीत असणं यात किती फरक आहे, ते त्या टक आवाजाने शिकवलं. खडा कधीही थेट उपटायचा नाही. त्याच्याभोवतीचा दगड लांबून फोडायचा आणि दगडासकट घरी न्यायचा.

दुसरी चूक

ही सांगायला मला दोन वर्षं लागली.

पहिल्या फेरीतले फोटो मी इन्स्टावर टाकले. एका व्यापाऱ्याचा मेसेज आला: असा अखंड, दगडावर बसलेला, मोठा नमुना असेल तर १५ हजार देतो. मंडळी, मला पैशांची गरज नव्हती. पगार होता. पण कोणीतरी आकडा सांगितला की डोक्यात काहीतरी फिरतं. पुढचा शनिवार मी त्या आकड्यासाठी गेलो, खड्यासाठी नाही.

सकाळी सुरुंग झाला होता. दुपारी मामा जेवायला गेले होते. सुरुंगानंतर भिंतीवरचे सुटे दगड पोकलेनने खाली पाडतात आणि मगच माणसं जवळ जातात. ते काम अजून व्हायचं होतं. भिंतीत साधारण दहा फुटांवर एक नवी पोकळी दिसत होती. आत हिरवं चमकत होतं.

तिथे एक पोरगा काम करायचा. एकवीस वर्षांचा, मराठवाड्यातून आलेला. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याने नको म्हटलंय. मी त्याला म्हणालो, "वर चढून बघतोस का? पाचशे देतो." तो हसला आणि चढला. पायात चप्पल, डोक्याला गमछा.

आणि माझ्या डोक्यावर माझं बाइकचं हेल्मेट होतं. मी खाली उभा, हेल्मेट घालून. तो वर, गमछा बांधून. हे चित्र मला अजून झोपू देत नाही.

त्याने हात घालून एक तुकडा काढला, खाली वाकून माझ्या हातात दिला. तोच हा, डब्यातला. तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "डावीकडे अजून एक आहे बघ." तो डावीकडे सरकला. वरून बारीक खडी घरंगळली. तो या कामात मुरलेला, आवाजावरूनच कळलं त्याला. त्याने उडी मारली. मागोमाग टेबलाएवढी शिळा त्या जागी येऊन पडली.

नडगीवर दगडाचा तुकडा लागला. रक्त आलं. मामा धावत आले. त्याला बाइकवर मध्ये बसवून आम्ही गावातल्या डॉक्टरकडे नेलं. चार टाके पडले. हाड शाबूत होतं.

परत येताना मामा फक्त एकच वाक्य बोलले: "खडा पंधरा हजाराचा आसंल. पोराचा पाय केवढ्याचा?"

त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईला त्यांनी काही सांगितलं नाही. ते मलाच सांगावं लागलं.

"मला बी दाखवा की"

डॉक्टरचे पैसे आणि बुडलेली मजुरी मी दिली. त्याने घेतली, घ्यायलाच हवी होती. मी माफी मागत होतो आणि तो दुसरंच विचारत होता. "दादा, त्यो खडा नीट निघाला का? धुतल्यावर कसा दिसतो? मला बी दाखवा की."

मंडळी, त्या पोराने सहा महिने अशा पोकळ्या फोडल्या होत्या. पण धुतलेला, उजेडात धरलेला खडा त्याने एकदाही बघितला नव्हता. बाहेर काढणारा तो, बघणारे आपण.

पुढच्या खेपेला मी खडा घेऊन गेलो. त्याने तो सूर्यासमोर धरला, फिरवला, बराच वेळ काही बोलला नाही. मग मोबाइल काढून फोटो काढला आणि बहिणीला पाठवला.

तो खडा मी विकला नाही. तो दर मला लावताच येईना.

आता मी काय करतो

तुमच्यापैकी कोणाला हा छंद लागला तर हे ऐकून ठेवा. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय खाणीत पाऊल टाकायचं नाही. ताज्या भिंतीजवळ जायचं नाही आणि पैसे देऊन दुसऱ्याला तर मुळीच पाठवायचं नाही. मशिनने खाली पाडून बाजूला काढलेल्या ढिगातच शोधायचं. हेल्मेट, बूट, चष्मा हवाच. एकाकडेच हेल्मेट असेल तर त्या दिवशी कोणीच जायचं नाही.

घरी आणल्यावर साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरतो. अ‍ॅसिडमध्ये बुडवू नका, मूळ खडाच खराब होतो. तापवू नका. या दगडांत पाणी बांधलेलं असतं. अ‍ॅपोफिलाइट हे नाव १८०६ मध्ये अयुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं, तेच मुळी तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात म्हणून.

आणि चिठ्ठी लिहा. त्याच दिवशी लिहा. खनिजाचं नाव, गाव, खाण, तारीख, जमिनीपासून साधारण किती खोल. चिठ्ठी हरवली की तो फक्त एक सुंदर दगड उरतो. कुठल्या थरातून आला, सोबत काय होतं, सगळं गेलं. कारण ती भिंतच आता राहिलेली नाही. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, जरूर जा. तिथे खड्यांइतकंच त्यांच्या गावांच्या नावांकडेही बघा. आपल्या एसटीच्या पाट्यांवरची गावं सापडतील.

माझ्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त आहे. जुन्या चिठ्ठ्यांवर संग्राहकाचं नाव असतं, म्हणजे ज्याच्या कपाटात तो खडा आहे त्याचं. आम्ही कोड लिहितो तेव्हा गिटमध्ये प्रत्येक बदलासमोर तो करणाऱ्याचं नाव राहतं. ज्याने कंपनी विकत घेतली त्याचं नाही. म्हणून मी शेवटी लिहिलंय, "काढणारा" आणि पुढे त्या पोराचं पूर्ण नाव. लिहिण्याआधी त्याला विचारलं. चिठ्ठीवर चालेल म्हणाला, पॉडकास्टवर नको.

ती पोकळ्यांची पट्टी तीन आठवड्यांत संपली. खाली घट्ट काळा दगड लागला, मालक खूश झाले. तिथली खडी आज कुठल्यातरी स्लॅबमध्ये असेल. कदाचित तुम्ही आत्ता ज्या बिल्डिंगमध्ये बसून ऐकताय तिच्यातच. तो पोरगा आता दुसऱ्या साइटवर आहे. नडगीवर व्रण आहे. व्हॉट्सअ‍ॅपला डीपी काय ठेवलाय माहितीये? तोच हिरवा खडा, सूर्यासमोर धरलेला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी, गावी, विहीर खोदताना असा एखादा खडा सापडला असेल तर तो कोणी काढला होता ते घरच्या मोठ्यांना विचारा आणि चिठ्ठी लिहून त्याच्याखाली ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!