आवडता ऋतू
(बालरुग्ण चित्रकला स्पर्धेच्या पारितोषिक वितरणप्रसंगी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चित्रकलेविषयी बोलण्याचा मला काहीच अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. परीक्षण जाणकारांनी केले. माझ्याकडे चित्रे मोजून नोंदवहीत लिहिण्याचे काम होते. ते करताना जे दृष्टीस पडले, तेवढेच सांगतो.

‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर बहुतेक मुलांनी पाऊसच रेखाटला. नौपाड्यातील मूल दुसरे काय काढणार? मासुंदा तलावावर कोसळणारी सर, गोखले रोडवरील छत्र्यांची गर्दी, रुळांवरचे पाणी. आम्हा रुग्णालयवाल्यांना पावसाचे रूप निराळे दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ पसरली. पावसाळा म्हटला की माझ्यासमोर मलेरिया, डेंग्यू आणि अपुऱ्या खाटाच उभ्या राहतात.

एका चित्रापाशी मात्र मी थबकलो. कॉलेजचे फाटक, भर पावसात छत्र्यांची रांग आणि कोपऱ्यात एक लाल पिशवी. परीक्षकांना ते दप्तर वाटले. चित्र काढणारी मुलगी नऊ वर्षांची, थॅलेसेमियाची रुग्ण. दर तीन आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी आपल्याकडे येते. तिला विचारले, तेव्हा ती सहजपणे म्हणाली, “कॉलेज उघडलं की रक्त मिळतं. मे महिन्यात आई सारखी फोन करत असते.”

सभ्य गृहस्थहो, मी त्याच दिवशी गेल्या मे महिन्याची वही उघडली. तिच्या नावापुढे ‘तारीख पुढे ढकलली’ असा शेरा दोनदा होता. खाली स्वाक्षरी माझीच. हिमोग्लोबिन उतरले की मूल दमते, शाळा बुडते, वाढ खुंटते. शेऱ्यात यातले काहीच नव्हते.

मे महिन्यातील टंचाईचे कारण सर्वांना ठाऊक आहे. महाविद्यालये बंद, दाते गावी गेलेले. आधी साठवून ठेवावे, तर लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरातील पिशवी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडे जात नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. म्हणजेच २६ जानेवारीचा पुरुष दाता एप्रिलअखेरीस, तर स्त्री दाती मेअखेरीस पुन्हा पात्र ठरते. नावे आणि दूरध्वनी क्रमांक आमच्याच वहीत होते. फोन कोणी केला नव्हता. यापुढे हे काम माझ्या कार्यालयाकडे राहील.

देणगीदारांनी वास्तूसाठी सढळ हाताने साहाय्य केले, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. आज मात्र मी धनादेश मागत नाही. सुट्टीत गावी जाण्याआधी अर्धा तास मागतो.

परीक्षकांनी या चित्राला उत्तेजनार्थ पारितोषिक दिले आहे. पहिले का नाही, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. चित्र रक्तपेढीतील नोंदणीच्या टेबलामागे लावले असून मे महिन्यासाठी नावे तेथेच आजपासून घेतली जात आहेत.