रात्रपाळीचा मासा



कामगार चळवळीतल्या माणसाने माशांवर का बोलावे, असे काहींना वाटेल. आमचा अधिकार एवढाच की, आमची हयात यंत्रांच्या घरघरीत गेली आणि हा मासा यंत्रासारखाच घरघरतो.

अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्कोजवळ सॉसालिटो गाव आहे. तेथे पुष्कळ लोक तरंगत्या घरांत राहतात. १९८० नंतरच्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री या घरांखालून असा घुमारा येई की झोप लागेना. कोणी सांडपाण्याच्या पंपांवर संशय घेतला, कोणी लष्करावर. अखेर सापडला तो तळाशी राहणारा, चपट्या डोक्याचा, रुंद तोंडाचा, बिनखवल्यांचा बेडूकमासा. पोटाकडे गणवेशाच्या बटणांसारख्या प्रकाशबिंदूंच्या ओळी, म्हणून त्याला मिडशिपमन, म्हणजे आरमारातला उमेदवार अधिकारी, म्हणतात.

हा गळ्याने गात नाही. पोटातल्या हवेच्या पिशवीला दोन्ही बाजूंनी स्नायू असतात. ते सेकंदाला सुमारे १०० वेळा आकसतात, आणि हे तास तास चालते! आपण बोटाने टेबलावर सेकंदाला दहा ठोके देऊन पाहा, किती वेळ जमते ते. मात्र हा स्नायू जितका जलद तितकाच दुबळा. एकाच अंगाकडून वेग आणि जोर दोन्ही मागणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले. निसर्ग तसे मागत नाही.

लोकांची झोप मोडणारा तो आवाज म्हणजे नराची हाक. विणीच्या दिवसांत तो खोल पाण्यातून किनाऱ्याशी येतो, दगडाखाली घर करतो आणि रात्रभर माद्यांना बोलावतो. मादी दगडाच्या छताला अंडी चिकटवून निघून जाते. एकामागून एक अशा अनेक येतात. राखण त्याच्याकडे. तो अंडी स्वच्छ ठेवतो, पंखांनी पाणी खेळवतो. ओहोटीत घर उघडे पडले तरी हवेवर श्वास घेत तासन्‌तास तेथेच पडून राहतो.

याच जातीत दुसरा एक नर आहे: अंगाने लहान, दिसायला मादीसारखा. तो घर बांधत नाही, घुमत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून अंडी फळवतो आणि पळतो. आमच्या भाषेत याला 'संपफोड्या' म्हणण्याचा मोह होतो. पण माशाला चाकरीही नाही आणि शपथही नाही, तेव्हा ही शिवी आम्ही माणसांसाठीच राखून ठेवतो.

पिले अंड्यातून निघाली तरी काही आठवडे दगडालाच चिकटून वाढतात. ती सुटून पाण्यात जाईपर्यंत बाप दगडाखालीच असतो.