उरलेल्या खाटांची दिवाळी



घट बसून चार दिवस झाले. तुमच्या घरी भाजणीचा विषय निघाला असेल. रुग्णालयांत दिवाळीच्या ड्युटी लिस्टचा निघाला आहे. आज त्या लिस्टबद्दलच बोलायचे आहे.

दिवाळी जवळ आली की चालता-फिरता पेशंट डिस्चार्ज मागतो. ‘पाडव्याला घरी असू द्या, डॉक्टर.’ डॉक्टरही सोडतात. धनत्रयोदशीला वॉर्डात रिकाम्या खाटा दिसतात आणि आपल्याला वाटते, चला, सिस्टरना जरा आराम! पण मागे उरतात ते हलवता न येणारे. कुणी व्हेंटिलेटरवर, कुणी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात, कुणाची दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यात फटाक्यांनी भाजलेले आणि धुराने दम लागलेले येतात. खाटा कमी, पण एकेक खाट जड.

माझी आई अशाच एका खाटेवर होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे रात्रपाळीच्या सिस्टरने कोमट पाण्याने तिचे अंग पुसले, चादर बदलली आणि मी नेलेले सुगंधी तेल मागून घेतले. दोन थेंब तळहातावर घेऊन आईच्या टाचांना लावले. ‘आधी टाचा लाल होतात,’ एवढेच म्हणाल्या. अभ्यंगही झाले आणि टाचा तपासूनही झाल्या. मी विचारले, ‘सिस्टर, तुमची आंघोळ?’ ‘आठला सुटले की. पोरगं कारीट घेऊन बसलंय, मी आल्याशिवाय फोडणार नाही म्हणतंय.’ हँडओव्हर देता देता शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजू लागला. त्या सुटल्या साडेदहाला.

या कामाची उंची पाहायची तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहा. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या ४१ दिवाळ्या त्यांच्या खाटेशी कुणी ना कुणी सिस्टर होतीच. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही पडून राहण्याने होणारी एकही जखम, एकही बेडसोअर, त्यांना झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात नोंद घेतली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्याच कर्मचाऱ्यांचा मानला. बेडसोअर न होणे म्हणजे काय? तर एकही पाळी चुकलेली नसणे. लक्ष्मीपूजनाचीसुद्धा.

आपण या बायकांना देवी म्हणतो आणि मोकळे होतो. देवीला सुट्टी लागत नाही ना! माणसाला लागते. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष रजेसाठी ३० टक्के जादा परिचारिका धरायला सांगतात. पदे रिकामी राहिली की हीच जादा माणसे आधी नाहीशी होतात, आणि मग सणाची रजा वॉर्डाच्या प्रमुख परिसेविकेने कुणाच्या तरी तोंडचा घास काढून द्यायची. बहुधा जिचे लग्न झालेले नाही, तिच्या. जणू तिला घरच नाही! केरळहून आलेल्या सिस्टर दिवाळी सांभाळतात, इकडच्या त्यांचा नाताळ सांभाळतात. पण ही आपसातली माया आहे, व्यवस्था नव्हे.

म्हणून व्यवस्थापनाकडे मागणे साधे आहे. लिस्ट महिनाभर आधी लावा. गेल्या वर्षी जिने लक्ष्मीपूजनाची नाइट केली, तिला यंदा ऑफ द्या. कँटीन बंद असेल तर रात्रीच्या गरम जेवणाची सोय करा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेशंट गेला की त्या सिस्टरला दहा मिनिटे द्या. आज काय होते? ‘दिवाळी तेवढी निघू द्या हो,’ म्हणून पेशंटने जिचा हात धरलेला असतो, तीच त्या माणसाचे डोळे मिटते, हात धुते आणि पुढच्या खाटेचे सलाइन बदलायला जाते. त्या दहा मिनिटांपुरते तिच्या खाटा सांभाळायला कुणीतरी हवे.

आणि आपण नातेवाइकांनी? फराळाचा डबा जरूर न्या. पण घरातल्या एकानेच चौकशी करायची, हेही ठरवून जा. आठ जणांना आठ वेळा तेच सांगण्यात तिचा जो वेळ जातो, तो तुमच्याच माणसाच्या टाचांचा असतो.