पहाटेचा गारवा आणि काळी द्राक्षं



आपल्या तेर गावाचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की, तगरचं कापड गाड्यांतून भडोचला जाई. त्याच भडोचच्या बंदरात परदेशी वाइन उतरे, आणि तीत इटलीच्या वाइनला पसंती अधिक. आता तर इटलीची वेलच आपल्या शेजारी आली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली कंपनीच्या मळ्यांत तस्कनीची सांजोव्हेजे द्राक्षं पिकतात. त्यांची ‘सेत्ते’ ही रेड वाइन हीच द्राक्षं आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मेळातून होते.

मग आपल्याकडे का नाही? खायची थॉमसन द्राक्षं पिकवणाऱ्या हाताला वेल नवी नाही, पण वाइनची ही द्राक्षं वेगळी. मणी बारीक, साल जाड, आत बिया. रस जवळपास पांढराच असतो; तांबडा रंग सालीतून उतरतो, म्हणून सालींसकट आंबवतात. खरी मेख मात्र रात्रीच्या गारव्यात आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तोवर ऊन तापू लागतं. रात्रीही उकाडा राहिला, तर साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन बोजड होते. रात्र गार असेल, तर आंबटपणा टिकतो, रंगही खुलतो.

असा गारवा तालुकाभर सारखा नसतो. बालाघाटच्या माळावर एखाद्या मुरमाड उतारालाच तो लाभेल. जागा लहान असली म्हणून बिघडत नाही. फ्रान्समध्ये बर्गंडीच्या थंड मुलखात पिनो न्वार द्राक्षांचा रोमाने-काँती नावाचा मळा आहे. जेमतेम साडेचार एकरांचा, आपल्याकडे एका भावाच्या वाटणीला येतो तेवढा! तिथली १९४५ सालची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली.

तरी घाई नको. ही द्राक्षं बाजारात खायला म्हणून खपत नाहीत. वायनरीने पाठ फिरवली की बाग तोडावी लागते. २००८ नंतरच्या मंदीत नाशिककडच्या शेतकऱ्यांनी ते सोसलं आहे. म्हणून आधी लेखी करार, मग रोप. जातीबद्दल पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा. त्याही आधी एक करा. येत्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत शेतात दोन थर्मामीटर टांगा, एक वरच्या बांधाला, एक खाली ओढ्याकाठी, आणि रोज पहाटेचा आकडा वहीत लिहून ठेवा.